आपल्या वनातील अस्वल : ओळख, अधिवास आणि संरक्षण

वाघ आणि बिबट्या यांच्या खालोखाल महाराष्ट्राच्या वनांत ज्याचा दरारा आहे, असा प्राणी म्हणजे अस्वल. रामकथेतील जांबवंतामुळे त्याचे नाव घराघरांत पोहोचले. दरवेशाच्या दोरीला बांधलेले अस्वल खेड्यांनी आणि शहरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. तथापि रानात मोकळेपणी वावरणाऱ्या अस्वलाची खरी ओळख फार थोड्यांना आहे. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतील वनालगतच्या गावांना मात्र ते परके नाही. मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना किंवा भल्या पहाटे शेताकडे जाताना अस्वलाशी गाठ पडल्याच्या घटना या भागात घडत असतात. त्यांत माणसे जखमी होतात, क्वचित प्राणासही मुकतात. आणि मग भीतीपोटी किंवा सूडापोटी अस्वलेही मारली जातात. ही दुहेरी हानी पुष्कळ अंशी टाळता येण्याजोगी आहे. त्यासाठी अस्वल राहते कोठे, खाते काय आणि हल्ला का करते, हे गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

उष्ण प्रदेशाचे रहिवासी

अस्वल म्हटले की बर्फाळ प्रदेशाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः जगात आज अस्तित्वात असलेल्या अस्वलांच्या आठ जातींपैकी काही जाती उष्ण कटिबंधातील आहेत. आग्नेय आशियातील सूर्य-अस्वल आणि दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत आढळणारे चष्मेवाले अस्वल या अशाच दोन जाती होत. तिसरी जात म्हणजे आपले भारतीय अस्वल. भारतात एकूण चार जातींची अस्वले आढळतात. त्यांपैकी तपकिरी अस्वल आणि काळे अस्वल प्रामुख्याने हिमालयाच्या आश्रयाने राहतात, तर सूर्य-अस्वल ईशान्येकडील वनांपुरते मर्यादित आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून थेट दक्षिण टोकापर्यंत विखुरलेली जात एकच, आणि महाराष्ट्रात आढळणारे अस्वल ते हेच.

या जातीचे शास्त्रीय नाव ‘मेलर्सस अर्सिनस’ असे आहे. त्यातील ‘मेल’ म्हणजे मध, आणि ‘अर्सस’ म्हणजे अस्वल. मधावरील त्याची प्रीती नावातच आलेली आहे. त्याचे इंग्रजी नाव ‘स्लॉथ बेअर’. आणि या नावामागे एक गंमतीदार गैरसमज दडला आहे. स्लॉथ हा दक्षिण व मध्य अमेरिकेतील, झाडाला उलटे लोंबकळणारा मंदगती प्राणी. १७९१ साली जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने भारतातील या प्राण्याचे वर्णन केले, तेव्हा त्याची लांब वाकडी नखे आणि दातांची वेगळी ठेवण पाहून त्याने हा स्लॉथचाच एक प्रकार ठरविला. पुढे चूक ध्यानात आली, प्राण्याची गणना अस्वलांत झाली. परंतु नाव तेवढे मागे राहिले. प्रत्यक्षात हे अस्वल मुळीच मंद नाही. प्रसंग पडल्यास ते धावणाऱ्या माणसाला सहज गाठू शकते.

रूप आणि शरीररचना

पूर्ण वाढ झालेल्या नराचे वजन साधारणतः ८० ते १४५ किलोग्रॅम भरते. मादी त्याहून लहान, ५५ ते ९५ किलोग्रॅमच्या दरम्यान असते. अंगावर लांब, राठ, काळेभोर केस असतात. मान आणि खांदे यांवरील केस तर इतके दाट असतात की आयाळ असल्याचा भास व्हावा. एवढे केस असूनही थंड प्रदेशातील अस्वलांना असतो तसा मऊ लोकरीचा आतला थर याला जवळजवळ नसतो. उष्ण हवामानाशी जुळवून घेण्याचा हा एक भाग मानला जातो. श्रीलंकेतील अस्वलाचे केस मात्र आखूड असतात. छातीवर पांढरट किंवा पिवळसर रंगाची, इंग्रजी ‘व्ही’ अथवा ‘वाय’ अक्षरासारखी खूण असते. अस्वल मागील पायांवर उभे राहिले म्हणजे ही खूण स्पष्ट दिसते. तोंडाचा पुढील भाग फिकट राखी रंगाचा आणि लांबट असतो.

पुढील पंजांची नखे हे या प्राण्याचे मुख्य हत्यार आणि अवजारही. हस्तिदंती रंगाची ही बाकदार नखे सहा ते दहा सेंटिमीटर लांब असतात. कठीण जमीन उकरणे, वारूळ फोडणे आणि झाडावर चढणे ही सारी कामे त्यांच्याच बळावर होतात. घ्राणेंद्रिय अत्यंत तीव्र असते. मात्र दृष्टी व श्रवणशक्ती त्या मानाने बेताची असते. ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

वाळवीवर गुजराण

मांसाहारी प्राण्यांच्या गणात मोडत असूनही भारतीय अस्वल शिकार करून जगत नाही. वाळवी आणि मुंग्या हे त्याचे प्रमुख खाद्य होय. कीटकांवर एवढा भर देणारी दुसरी जात अस्वलांच्या कुळात नाही, आणि त्यासाठी निसर्गाने त्याच्या मुखाची रचनाच वेगळी केली आहे. त्याच्या वरच्या जबड्यातील मधले दोन पटाशीचे दात नसतात. तेथे मोकळी फट असते. टाळू खोलगट असते, ओठ लांब व लवचिक असून पुढे काढता येतात, आणि नाकपुड्या इच्छेनुसार मिटता येतात. अस्वल नखांनी वारूळ उकरते, फुंकर मारून माती उडवून देते, नाकपुड्या बंद करून ओठांची नळी करते आणि आतील वाळवी जोराने शोषून घेते. या फुंकण्या-शोषण्याचा आवाज शंभर मीटरहून अधिक अंतरावर ऐकू येतो.

ऋतुमानाप्रमाणे हे खाद्य बदलते. उन्हाळ्यात मोहाची फुले, तेंदू, चार, उंबर आणि पावसाळ्याच्या तोंडावर जांभळे यांवर त्याचा भर असतो. बहाव्याच्या शेंगा आणि बोरे यांचाही आहारात मोठा वाटा असतो. मधाचे पोळे दिसल्यास ते झाडावर चढून मध खाते. या फळांच्या बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पसरतात व अनुकूल जागी रुजतात. ज्या मोहावर, चारोळीवर आणि तेंदूवर वनवासी कुटुंबांची मिळकत अवलंबून असते, त्या वनाच्या वाढीला अस्वलाचा असा हातभार लागतो. वाळवीवर राहणारा अंकुश ही त्याची आणखी एक सेवा म्हणावी लागेल.

अधिवास

जगातील भारतीय अस्वलांचा बहुतांश अधिवास भारतात आहे. उरलेला नेपाळ, श्रीलंका आणि भूतानचा थोडा भाग एवढ्यातच संपतो. बांगलादेशातून ही जात नाहीशी झाली आहे. या साऱ्या प्रदेशात मिळून अस्वलांची संख्या वीस हजारांच्या आत असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने या जातीची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात केली आहे.

पानगळीची वने, झुडपी जंगले, गवताळ माळ आणि खडकाळ टेकड्या या अस्वलाच्या आवडीच्या जागा होत. दिवसाच्या उन्हात ते कपारीत, गुहेत किंवा दाट झुडपात विश्रांती घेते आणि सायंकाळपासून पहाटेपर्यंत अन्नाच्या शोधात हिंडते. हिवाळी निद्रा हे अस्वल घेत नाही. महाराष्ट्रात ताडोबा, मेळघाट आणि नवेगाव-नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांच्या परिसरात तसेच गडचिरोलीच्या वनांत अस्वलांचा वावर आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेले बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. तेथील अस्वले विशेष प्रसिद्ध आहेत. शेजारच्या राज्यांनी केवळ अस्वलांसाठी अभयारण्ये राखली आहेत. गुजरातेत जेसोर आणि रतनमहाल, तर कर्नाटकात १९९४ साली स्थापन झालेले दरोजी ही त्यांची ठळक उदाहरणे होत.

तथापि अस्वल अभयारण्याची सीमारेषा पाळत नाही. त्याच्या अधिवासाचा मोठा भाग संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर, म्हणजे महसुली झुडपी जंगलात, गायरानाच्या कडेला आणि गावालगतच्या टेकड्यांवर पसरला आहे. टेकडीवर दगडखाण सुरू झाली म्हणजे त्याची गुहा जाते. झुडपे तुटली म्हणजे सावली जाते. वणवा लागला म्हणजे फळे आणि कीटक दोन्ही जातात. म्हणूनच अस्वलाच्या भवितव्याचा प्रश्न वनखात्याइतकाच ग्रामपंचायतीच्याही कक्षेत येतो.

पिलांचे संगोपन

भारतात अस्वलांचा समागमकाळ सामान्यतः उन्हाळ्याच्या अखेरीचा असतो आणि हिवाळ्यात मादी गुहेत किंवा बिळात एक किंवा दोन, क्वचित तीन पिलांना जन्म देते. जन्मतः पिले आंधळी व दुबळी असतात. दोन-तीन महिन्यांनी ती आईबरोबर बाहेर पडतात, ती तिच्या पाठीवर बसूनच. पाठीवरील लांब केस घट्ट धरून पिलांनी आईबरोबर रानभर हिंडावे, हा प्रकार अस्वलांच्या अन्य जातींत नित्याचा नाही. ही सवारी पिले सुमारे नऊ महिन्यांची होईतो चालते आणि पुढेही दीड ते अडीच वर्षांपर्यंत ती आईच्या सोबत राहतात. म्हणजेच मादीला दोन-तीन वर्षांतून एकदाच पिले होतात. एवढ्या संथ वाढीच्या जातीत एक प्रौढ मादी मारली गेली, तर ती हानी भरून यावयास अनेक वर्षे लागतात.

संघर्षाचे मूळ

अविभाजित मध्य प्रदेशात एप्रिल १९८९ ते मार्च १९९४ या पाच वर्षांत अस्वलांच्या हल्ल्यांत ७३५ माणसे सापडली आणि त्यांपैकी ४८ दगावली, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. छत्तीसगडातील उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात १३७ हल्ले झाले व ११ माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्यांपैकी अनेकांना चेहऱ्यावर व डोक्यावर गंभीर जखमा होतात. कमावता हात निकामी झाला, डोळा गेला, म्हणजे गरीब कुटुंबावर कोसळणारे संकट आकड्यांत मावणारे नसते. त्यामुळे गावकऱ्यांच्या मनातील भीती निराधार म्हणता येणार नाही.

परंतु हेही तितकेच खरे की, अस्वल माणसाला भक्ष्य समजून हल्ला करीत नाही. वाघाच्या सहवासात वाढलेला हा प्राणी आहे. वाळवी शोषण्यात तो गढलेला असतो, त्याच्या स्वतःच्या आवाजात माणसाची चाहूल बुडून जाते, दृष्टी अधू असते. आणि माणूस अगदी जवळ आल्यावर तो दचकतो. अशा वेळी पळण्याऐवजी आधी चाल करून जाणे हा त्याचा उपजत स्वभाव आहे. बरोबर पिले असली म्हणजे मादी अधिकच आक्रमक होते. तेव्हा बहुसंख्य हल्ल्यांचे मूळ क्रौर्यात नसून अचानक झालेल्या गाठीभेटीत आहे.

ही गाठ पडते कोठे व केव्हा, याचा विचार केला म्हणजे उपायही हाती येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रीपासून सकाळपर्यंत गळतात. ती वेचण्यासाठी माणसे झुंजुमुंजु होण्यापूर्वीच झाडाखाली पोहोचतात आणि त्याच वेळी अस्वलही तेथे आलेले असते. पुढे तेंदूपानांचा हंगाम येतो. पाने तोडणारे वाकून, झुडपांत शिरून काम करीत असतात आणि त्याच झुडपांत अस्वल विसाव्याला असते. उन्हाळ्यात पाणवठे आटले म्हणजे गावाजवळचे तळे दोघांनाही एकच उरते. पावसाळ्यात मका, भुईमूग यांसारखी पिके अस्वलाला शेताकडे खेचतात. थोडक्यात, एकच झाड, एकच पाणी आणि एकच वेळ यांची वाटणी न झाल्याने हा संघर्ष उद्भवतो. झाड आणि पाणी बदलता येत नाही. वेळ मात्र बदलता येते.

दरवेशाच्या दोरीपासून मुक्ती

अस्वलाच्या ऱ्हासाला माणसाची करमणूकही कारणीभूत झाली. नाकात वेसण घालून अस्वल नाचविण्याचा व्यवसाय महाराष्ट्रात दरवेशी, तर उत्तरेत कलंदर समाजाची कुटुंबे पिढीजात करीत. त्यासाठी आईला मारून पिले पकडली जात, त्यांचे दात पाडले जात आणि तापल्या सुईने नाक टोचले जाई. अस्वलाचा केस ताइतात घातल्यास मुलांना भय वाटत नाही, या समजुतीनेही हा व्यवसाय पोसला गेला. १९९८ साली केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अस्वलासह काही वन्य प्राण्यांच्या जाहीर खेळांवर बंदी आली. परंतु केवळ बंदीने पोट भरत नाही, ही जाणीव ठेवून स्वयंसेवी संस्थांनी कलंदर कुटुंबांना पर्यायी उद्योग आणि मुलांना शिक्षण मिळवून दिले. २००२ पासून आग्र्यानजीकच्या केंद्रात सुटका केलेल्या अस्वलांना आसरा मिळू लागला आणि २००९ च्या अखेरीस नाचविले जाणारे शेवटचे ज्ञात अस्वलही दोरीतून मुक्त झाले. कायद्याला पुनर्वसनाची जोड मिळाली तर शतकांची प्रथाही थांबू शकते, हा धडा या कार्याने दिला आहे.

पित्ताशयासाठी होणारी चोरटी शिकार आणि पिलांची तस्करी यांचा धोका मात्र अद्याप टळलेला नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत अस्वलाचा समावेश आहे. त्याची शिकार करणे, पिलू बाळगणे अथवा नखे, केस, कातडे यांचा व्यापार करणे हा गंभीर गुन्हा असून, त्यासाठी तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास आणि २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टान्वये निर्बंध आहेत.

गावाने करावयाची कामे

संरक्षणाचा खरा भार गावावर आहे आणि त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. ग्रामसभेने मोहफुलांच्या हंगामापूर्वी बैठक घेऊन पुरते उजाडल्यावरच व गटाने रानात जाण्याचा नियम केला, तर धोका पुष्कळ कमी होईल. जाताना मोठ्याने बोलावे, काठी आपटीत जावे, म्हणजे अस्वलाला आगाऊ चाहूल लागते व बहुधा ते स्वतःच बाजूला होते. फुले स्पष्ट दिसावीत म्हणून मोहाखालचा पालापाचोळा पेटविण्याची रीत आहे. त्यातूनच अनेकदा वणवे लागतात. पाला झाडून काढला किंवा झाडाखाली जाळी अंथरली, तर फुलेही स्वच्छ मिळतात आणि रानही वाचते.

२००६ च्या वन हक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनाच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली असा हक्क मिळाला. हा अधिकार असलेल्या गावांना आपल्या वनातील गुहांच्या टेकड्या, वारुळांच्या जागा आणि पाणवठे राखून ठेवण्याचा निर्णय स्वतः घेता येईल. गावालगतची रायमुनियाची दाट झुडपे काढणे, रस्त्यांवर दिवे लावणे, घरोघरी शौचालयांचा वापर होईल हे पाहणे आणि ओला कचरा उघड्यावर न टाकणे ही कामे ग्रामपंचायतीच्या नित्य कामातच मोडतात. देवस्थानाच्या आवारात फुटके नारळ व प्रसाद पडू देऊ नये. त्या वासाने अस्वले गावात येण्यास सवकतात.

अस्वल समोर आलेच, तर पळू नये, दगड मारू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरावे. झाडावर चढणे उपयोगाचे नाही, कारण अस्वलही चढते. ते अंगावर आलेच, तर पालथे पडून दोन्ही हातांनी मान व चेहरा झाकून घ्यावा. जखमी व्यक्तीस विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. जखमा धुऊन घेणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने धनुर्वात व रेबीज प्रतिबंधक लस घेणे आवश्यक असते. अस्वलाच्या हल्ल्यात मृत्यू अथवा इजा झाल्यास राज्य शासनाकडून अर्थसाहाय्य मिळते. त्यासाठी घटनेची माहिती ताबडतोब वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांना द्यावी, पंचनामा करून घ्यावा आणि वैद्यकीय कागदपत्रे जपून ठेवावीत. अज्ञानामुळे एकही पात्र कुटुंब या साहाय्यास मुकू नये, याची काळजी सरपंच व ग्रामसेवक यांनी वाहावी.

शिक्षकांचे कार्यही तितकेच मोलाचे आहे. मुलांनी शाळेत ऐकलेली गोष्ट संध्याकाळी घरी पोहोचते. रानात एकटे पिलू दिसल्यास त्याला उचलू नये, आई जवळच असते. ताइतासाठी केस विकत घेऊ नयेत. वारूळ उगाच फोडू नये, एवढ्या तीन गोष्टी जरी मुलांच्या मनावर ठसल्या, तरी पुष्कळ काही साधेल. २०२२ पासून १२ ऑक्टोबर हा दिवस ‘जागतिक स्लॉथ बेअर दिन’ म्हणून पाळला जातो. वनालगतच्या शाळांनी त्या दिवशी वनरक्षकास बोलावून मुलांशी संवाद घडवून आणावा.

अस्वलाला वाचवायचे की माणसाला, असा पर्याय कित्येकदा पुढे केला जातो. वस्तुस्थिती पाहता हा पर्यायच चुकीचा ठरतो. ज्या वनात गुहा, वारुळे, फळझाडे आणि पाणी शाबूत आहे, तेथील अस्वलाला गावाच्या दिशेने येण्याचे कारण कमी पडते. आणि ज्या गावाने रानात जाण्याची वेळ व रीत बदलली आहे, तेथील माणसाला त्याची भीती बाळगण्याचे कारण कमी उरते. येत्या मोहाच्या हंगामापूर्वी वनालगतच्या प्रत्येक ग्रामसभेने हा विषय आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा.